आत्याची मूठ

चिमीने केलेला पाण्याचा जग इतका देखणा होता, की कारखान्यात येणारा-जाणारा थांबून बघायचा. सडपातळ बांधा, वेलांटीसारखी नाजूक मूठ. तिने पहिल्यांदाच एकटीने आखलेली वस्तू! आज अकरा वाजता मालक हो म्हणाले की लगेच साचा बनणार आणि जग बाजारात जाणार. नाही म्हणाले, तर पुन्हा दुसऱ्यांनी आखलेल्या डब्यांच्या झाकणांचे कोपरे गोल करत बसायचं.

आजवरचे नमुने सगळे फोमचे. पाणी भरता येईल असा पहिला नमुना काल संध्याकाळी हाती आला. सकाळी तो काठोकाठ भरून चिमीने मोठ्या ऐटीत आत्यापुढे ठेवला. आत्याची बोटं संधिवाताने आखडलेली. तिने उचलला मात्र, नाजूक मूठ हातातल्या हातात फिरली आणि सगळं पाणी चिमीच्या पायांवर!

"दिसायला झकास आहे गं," आत्या म्हणाली. "पण हा जग आहे की जावई? नुसता बसवून कौतुक करायचं?"

चिमीला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. सहा महिने ती रिकामा जगच उचलत होती. शहाण्यांच्या त्या कारखान्यात कुणाला तहान लागत नसावी!

आणि एकदम तिला असं काही सुचलं, की ती ओल्या पायांनीच धावली. तासाभरात कडक होणारी पुट्टी आणून तिने मुठीवर थापली.

"आत्या, धर! घट्ट!"

"अगं, हात बरबटतील."

"बरबटू देत!"

अंगठ्याची खळगी उमटली, खाली बोटांचे खोलगट ठसे. पुट्टी वाळल्यावर चिमीने कडा घासल्या आणि ती बघतच राहिली. मूठ जाड झाली होती खरी, पण कालच्यापेक्षा आज जग जास्त गोड दिसत होता.

अकरा वाजता मालकांच्या कपाळाला आठी पडली. "काल किती छान होता! हे काय ढेकूळ चिकटवलंस?"

चिमीच्या पाचावर धारण बसली. सोबत आलेल्या आत्याने मात्र सरळ भरलेला जग उचलला आणि मालकांच्या ग्लासात पाणी ओतलं. टेबलावर एक थेंब सांडला नाही.

मालकांनी आत्याची वाकडी बोटं पाहिली. मग जग स्वतः हातात घेतला. त्यांचा अंगठा आपसूक खळगीत जाऊन बसला.

"साचेवाल्यांना बोलवा!" ते ओरडलेच.

चिमीला नाचावंसं वाटलं. तिने वळून पाहिलं, तर आत्याचे डोळे भरून आलेले.

"चार वर्षं झाली गं. घरी कुणी आलं की पाणी द्यायला मी दुसऱ्याला सांगते."

मग जग पुन्हा आपल्याकडे ओढून घेत तिने मालकांना दटावलं, "प्या की पटकन! मला अजून ओतायचंय."