पहिल्या हँडलला

लारी सुरू करायचं हँडल उलटं फिरलं आणि कडूबाच्या अंगठ्यातली कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"काय झालं रे?" ओसरीवरून काकासाहेब ओरडले.

"काई न्हाई मालक. लारी जागी होऊन राह्यली."

लारी जागी वगैरे काही होत नव्हती. एकदा खोकायची, मागच्या नळीतून पांढरा धूर सोडायची आणि पुन्हा गप्प. आतल्या खोलीत काकासाहेबांची लेक गोपिका पहाटेपासून अडली होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती दिवाळीलाच वाटूरला माहेरी आली होती. मूल आडवं होतं. सुईण द्वारकाबाईनं हात टेकले होते आणि जालन्याला मिशनच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता न्या, असं स्पष्ट सांगितलं होतं. बैलगाडीनं जालना गाठेपर्यंत दिवस मावळला असता. अख्ख्या वाटुरात मोटार एकच, काकासाहेबांची ही लढाईआधीची लारी. सरकी आणि कापूस वाहून वाहून तिची हाडं खिळखिळी झाली होती. तिला चालवायचं आणि दुरुस्त करायचं कामही एकट्या कडूबाकडे.

कडूबा मूळचा मेंढरं राखणाऱ्या घरातला. कळपात कोणती मेंढी दुखणाईत आहे, हे त्याचा बाप तिच्या ओरडण्यावरून ओळखायचा. कडूबा इंजिनाला कान लावायचा. जालन्याच्या एका उस्तादाकडे तो हे काम शिकला होता. गाडी बोलत नाही असं म्हणणाऱ्याला गाडी कळत नाही, असं उस्ताद सांगायचे. पण दिवाळीपासून ही लारी जे बोलत होती ते कडूबाला काही केल्या उमगत नव्हतं.

सकाळी ती सुरू व्हायला हटून बसायची. एकदा तापली की गुमान चालायची. जालन्याच्या मोंढ्यात माल उतरवायला बंद केली तर पुन्हा लगेच सुरू व्हायची. रात्रभर उभी राहिली की पहाटे परत तोच तमाशा. त्यानं प्लग घासले, तारा बदलल्या, चोक पाहिला, बॅटरी जालन्याहून भरून आणली. दोन दिवस बरं वाटायचं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. गावात ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे म्हातारी झाली. फाट्यावरच्या हॉटेलात मात्र वेगळंच चाललं होतं. पेट्रोल तेव्हा परमिटवर मिळायचं, थेंबाथेंबाला मोल. कडूबा पेट्रोल विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो, अशी कुजबुज होती. ती काकासाहेबांच्या कानावरही गेली होती. ते तोंडानं बोलले नव्हते, पण हल्ली टाकी भरताना स्वतः येऊन उभे राहायचे. कडूबाला ते फार लागलं होतं.

आतून गोपिकाचं ओरडणं आलं आणि मध्येच तुटलं.

"पुंजाराम, हँडल धर," तो गड्याला म्हणाला. "मी म्हनलं की फिरव."

त्यानं एक प्लग काढला, तार लावून इंजिनाच्या अंगावर टेकवला. पुंजारामनं हँडल फिरवलं. टचकन निळी ठिणगी पडली, चांगली जाड. म्हणजे करंट बराबर होता. मग दुखणं तिथं नव्हतंच. इतके दिवस आपण उगाच तारांशी झटत राहिलो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

प्लग ओला होता. त्यानं नाकाशी धरला. वास होता, पण पुसट. त्यानं लारीपासून लांब जाऊन काडी ओढली आणि प्लगच्या टोकाला लावली. पेट्रोलनं भिजलेला प्लग भप्पकन पेटतो. हा नुसता चरचरला आणि काडी विझली.

"पुंजाराम, सगळे प्लग घे. चुलीतल्या निखाऱ्यावर चांगले तापवून आण. पळ, जल्दी."

गडी आत पळाला. कडूबा लारीखाली सरकला. टाकीतून येणारं पेट्रोल गाळायला एक काचेची लहानशी वाटी असते. ती त्यानं फिरवून काढली आणि उजेडात धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दुसरंच काहीतरी, स्वच्छ, पांढरं, वेगळं बसलेलं. बोट बुडवून त्यानं जिभेला लावलं.

पाणी.

आता सगळं उलगडलं. रात्रभर गाडी उभी राहिली की पाणी तळाशी बसत होतं आणि सकाळी पहिला घोट पाण्याचा जात होता. गाडी हिंदकळली की ते पेट्रोलमध्ये पांगायचं आणि इंजिन कसंबसं चालायचं. आणि त्याच क्षणी कडूबाला दुसरीही गोष्ट कळली. पाण्याचं नाव काढलं की आपण मेलो. पेट्रोल विकून पाणी भरलं, हेच लोक म्हणणार. मालक आज ना उद्या तेच म्हणणार.

वाटी जरा कलली आणि तळाशी काळपट हिरवं काहीतरी हाललं. त्यानं नखानं बाहेर काढलं. तुळशीचं पान होतं, भिजून मऊ झालेलं.

"कडूबा, बाबा..."

तो लारीखालून डोकं काढतो तोच काकासाहेबांची आई, तुळजाबाई, समोर उभी. केस मोकळे, हातात पंचपात्री. सारं गाव तिला मायच म्हणायचं. कडूबाला तर आईचा चेहराही आठवत नव्हता. या घरात तो पहिल्यांदा आला त्या दिवशी याच बाईनं त्याला समोर बसवून भाकरी वाढली होती.

तुळजाबाईनं सराईतपणे टाकीचं झाकण फिरवलं.

"माय, काय करून राह्यल्या?"

"तीर्थ देते रे हिला. जांबेच्या रामाचं हाय. गोपी माहेरी आली तवापासून देऊन राह्यले रोज, पहाटं कोनी उठायच्या आधी. माझ्या लेकराला हीच न्हेनार ना दवाखान्यात? मंग हिनं दगा द्यायला नको." तिनं लारीच्या पत्र्यावर हात फिरवला. "घे बाई. आज तरी आईक."

पंचपात्री टाकीच्या तोंडावर कलली. कडूबानं हात आडवा घातला. पाणी त्याच्या तळव्यावर सांडलं.

"आता नको माय," तो म्हणाला. "आता म्या तिला पाजलं. तुमी गोपीताईजवळ जा. तिचा हात धरून बसा."

"होईल ना रे चालू?"

"होईल. जा तुमी."

ती गेली. कडूबानं पुन्हा लारीखाली जाऊन टाकीच्या तळाचा नट सोडला. आधी पाणी आलं, मग पाणी आणि पेट्रोल, मग नुसतं पेट्रोल. सगळं मातीत जिरत होतं. वासानं काकासाहेब आतून धावत आले.

"पेट्रोल सांडून राह्यला? डोकं फिरलं का तुझं?"

"कचरा व्हता मालक. आता होईल चालू," म्हणत कडूबानं नट आवळला आणि काचेची वाटी परत बसवली.

"माझी पोरगी मरून राह्यली तिकडं, आन् तू..." ते तिथंच लारीच्या चाकाला धरून उभे राहिले.

पुंजारामनं तापलेले प्लग फडक्यात आणले. कडूबानं ते बसवताना बोटं भाजून घेतली. त्यानं हँडल मारलं, इंजिन खोकलं. पुन्हा मारलं, आणि लारी धडधडून उभी थरथरायला लागली. गोपिकाला बाजेसकट मागं ठेवलं, तिच्या डोक्याशी तुळजाबाई बसली. काकासाहेब पुढं, कडूबाशेजारी. वाटूर फाटा मागं पडला तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. वाटेत खड्डा आला की मागून किंकाळी यायची. कडूबा हळू चालवायचा, की काकासाहेब जल्दी म्हणायचे. जल्दी चालवायचा, की हळू म्हणायचे. त्यानं दोन्ही ऐकणं सोडलं आणि नजर रस्त्यावर ठेवली.

दवाखान्यात गोपिकाला आत नेलं. दुपार टळून गेल्यावर दवाखान्याची डॉक्टर मडम बाहेर आली. पोरगी वाचली होती. मुलगा होता, पण पोटातच गेलेला. थोडं आधी आणायला हवं होतं, एवढंच ती म्हणाली आणि हळूच काकासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून परत आत गेली.

तुळजाबाई व्हरांड्यातल्या फरशीवर मटकन खाली बसली.

"म्या काय कमी केलं व्हतं?" ती रडत नव्हती, विचारत होती. "रोज तीर्थ देत गेले तिला. एक दिस चुकले न्हाई. तरी कामून दगा दिला तिनं?"

काकासाहेबांनी ते नीट ऐकलंही नाही. ते कडूबाकडे वळले. "काय बिघाड व्हता?"

कडूबाच्या तोंडाशी खरं आलं होतं. सांगितलं असतं तर फाट्यावरची कुजबुज तिथंच मिटली असती. मालकानं कदाचित माफीही मागितली असती. तुळजाबाई त्याच्याकडेच पाहत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते उत्तर घेऊन तिला घरी त्याच नातीच्या उशाशी बसायचं होतं.

"ठिणगी पाडायचे पॉइंट झिजले व्हते मालक," तो म्हणाला. "आधीच बदलायला पायजे व्हते. म्या ध्यान दिलं न्हाई."

"ध्यान दिलं न्हाई?"

"चूक झाली."

काकासाहेबांनी हात उगारला आणि तसाच खाली घेतला. तुळजाबाईनं मात्र तोंड सोडलं. माझा पणतू खाल्लास तू, तुझ्या हाताला किडे पडतील, असं काय काय ती बोलत राहिली. लोक जमले. कडूबा मान खाली घालून उभा राहिला. तिचं बोलणं झालं तेव्हा त्यानं तिला तांब्याभर पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं नाही.

आठवड्यानं काकासाहेबांनी परतूरहून भुजंग नावाचा ड्रायव्हर आणला. गोपिका बरी होऊन घरी आली होती, ओसरीत भिंतीला टेकून बसायची.

कडूबानं भुजंगला लारी समजावून दिली: कोणता गिअर अडतो, ब्रेक कुठं ओढतो, थंडीत चोक किती द्यायचा. शेवटी टाकी दाखवली. झाकणाला त्यानं लोहाराकडून कडी डागून घेतली होती. तिला नवंकोरं कुलूप होतं.

"किल्ली कमरेला ठेव," तो म्हणाला. "घरातल्या कोनालाबी देऊ नको. मालकालाबी न्हाई."

फाट्यावरची कुजबुज भुजंगच्याही कानावर आली होती. तो हसला. "ज्याच्यामुळं कुलूप लागलं, तोच किल्ली देऊन राह्यला की."

"तसं समज," कडूबा म्हणाला आणि हत्यारांच्या धोकटीत पाने-पकडी भरायला लागला.

भुजंगनं हँडल मारलं. लारी पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. एकही ठोका चुकत नव्हता.

तुळजाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं इंजिन ऐकलं, भुजंगकडे पाहिलं, मग कडूबाकडे.

"पाह्यलं का?" ती म्हणाली. "हात बदलला आन् गाडी कशी शहानी झाली. तुझाच हात वाईट व्हता रे."

"व्हय माय," कडूबा म्हणाला. त्यानं धोकटी खांद्याला लावली, चपला हातात घेतल्या आणि तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.