वहीचं शेवटचं पान

आई गेल्यानंतर आठवड्यानं मी विद्यापीठातली तिची खोली आवरत होते. तिचे एक जुने सहकारी दारात येऊन उभे राहिले.

"तिची वही हवी होती. विभागाची आहे ती."

वीस वर्षं दोघांचा एकच वाद होता. आई म्हणे, अब्जावधी वर्षांनी एकमेकांत विलीन होणारी कृष्णविवरं मुळात जोडीनंच जन्मलेल्या ताऱ्यांची असतात. हे सहकारी म्हणत, ती विवरं ताऱ्यांच्या दाट गर्दीत नंतर भेटतात. भर सभेत ते तिला 'लग्नं जुळवणाऱ्या मावशी' म्हणत आणि लोक हसत.

वही मी वाचली होती. शेवटच्या पानावर आईनं लिहिलं होतं की नव्या नोंदींत विवरांच्या फिरण्याच्या दिशा, जन्मजात जोडीत जुळायला हव्यात तशा, जुळत नाहीत, तेव्हा बहुतेक जोड्या गर्दीतच झाल्या असाव्यात. ते पान फाडावंसं वाटलं होतं. पण अक्षर तिचं होतं. मी वही दिली.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"मला बोलली नाही ती."

"दवाखान्यातून तीनदा फोन केला तिनं. तुम्ही उचलला नाहीत."

त्यांनी वही मिटली. "यावर लेख लिहीन, त्यात तिचं नाव पहिलं घालतो."

"घाला. फक्त शोकसभेत बोलायला उभे राहू नका."