सावलीत टिकणारी

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या परसात छत्तीस झाडं येऊन उभी राहिली. हिरडे, जांभळी, अंजनी आणि मधोमध एक थोराड फणस. आदल्या संध्याकाळी तिथे माझे गुलाब होते आणि कपडे वाळत घालायची तार होती. माझा धाकटा भाऊ रघुवीर मागच्या दारात उभा राहून झाडं मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं चहा मागितला.

तार एका हिरड्याच्या खोडातून आरपार गेली होती. तिच्यावर माझी साडी तशीच होती, अर्धी खोडाच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. गुलाब दुपारपर्यंत गेले.

मी खाली सावंतवाडीच्या शाळेत सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून आंबोलीला या घरी आले. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी राहिले. म्हणून रघुवीर म्हणाला की एवढी गर्द सावली रिकामी ठेवणं बरं नव्हे, नेचे लाव, कंद लाव, दर वर्षी पुन्हा लावावे लागणार नाहीत असं काहीतरी निवड. यातलं तुलाच कळतं.

मी विचारलं, ही झाडं कुणाची, कुणाला विचारून आली? तो म्हणाला की आता रुजलेली दिसतात. जणू तक्रार करण्यात माझाच अडाणीपणा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही मी पिशवी घेऊन एसटीनं घाट उतरले, याचाही मला राग आला.

नर्सरी धाकू मेस्त्रींची. त्यांची शेड झाडाचं नाव घेतलं की लांब होते. मी हंसराज मागितला, पाच पावलं वाढली. बाशिंग म्हटलं, आणखी दहा. पेवा, सापकांदा, रानहळद, भुईआमरी अशी नावं घेत मी चालत गेले आणि मागे वळून पाहिलं तेव्हा दार नखाएवढं दिसत होतं. रोपं उचलून परत यायला मला तासभर लागला.

दाराशी धाकू मेस्त्री फॉर्म भरत बसले होते. त्यांनी विचारलं, ऊन किती लागतं? मी सांगितलं, जवळजवळ नाहीच. पाणी? ओल असली की पुरे. जागा बदलावी लागते का? नाही, एकाच जागी वर्षानुवर्षं राहतात. खुडलं तर? पुन्हा फुटतात. मी झाडांबद्दल सांगत होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. वर नावाची जागा कोरी होती. ती नंतर भरतो म्हणाले.

बुधवारी मी हंसराज लावला. गुरुवारी सकाळी माझी खोली घरात नव्हती. माझी खाट एका जांभळीखाली होती, चादर अंथरलेली, उशाशी चष्मा. भिंत होती तिथून आता थेट रघुवीर आणि त्याची बायको नलिनी यांची खोली सुरू होत होती. मी पेवा लावला नाही, कुंडीतच ठेवला. त्यानं कुंडीच्या तळातून मुळं काढली आणि शुक्रवारी देवघराशेजारचा माझा पुस्तकांचा कोनाडा गेला. बाशिंग आपणहून फणसावर चढलं, तेव्हा माझं न्हाणीघर गेलं. मग मी अंगणातल्या बादलीतलं पाणी घेऊन झाडांच्या आड अंघोळ करू लागले.

नलिनी माझं ताट मागच्या पायरीवर आणून ठेवायची. सहाव्या दिवशी मी तिला विचारलं की मी आत जेवायला का येऊ नये. तिनं मान खाली घातली.

"वन्सं, आत आता दोनच पाट मावतात," ती म्हणाली.

मी रघुवीरला हाक मारली. तो बाहेर आला, पण उंबऱ्यावरच थांबला. मी त्याला म्हटलं की सहा दिवसांत माझी खोली, माझी पुस्तकं, माझी अंघोळीची जागा गेली आणि तुझ्या घरातली एक खुंटीसुद्धा हलली नाही.

"तुला सावली आवडते, ताई."

"कुणी सांगितलं?"

"तू कधी काही बोलली नाहीस."

यावर मला इतकं बोलायचं होतं की तोंडातून काहीच निघालं नाही. आणि त्यानं तोही होकारच धरला.

सोमवारी दुपारी धाकू मेस्त्री पाहणीला आले. त्यांनी प्रत्येक रोप बघितलं, माती बोटांत चुरडून बघितली, मला शाबासकी दिली. मग फणसाजवळची मोकळी जागा दाखवून म्हणाले की मुख्य रोप अजून लागलेलं नाही. खड्डा तयार होता. मी वाकून पाहिलं. तळाला विटांचे तुकडे, वर पालापाचोळ्याचं खत, पाण्याला वाट. मी मुलांना असाच खड्डा करायला शिकवलं होतं. रघुवीर माझा विद्यार्थी नव्हता, पण घरी ऐकून ऐकून शिकला असावा. त्याच्या नखांत माती होती.

धाकू मेस्त्रींनी पत्र्याची पट्टी खड्ड्याशेजारी रोवली. तिच्यावर माझं नाव लिहिलं होतं: इंदुमती. ऊन लागत नाही. एकाच जागी राहते. खुडली तरी फुटते. खाली माझी सही होती.

मी म्हटलं की ही माहिती हंसराजाची आहे.

"सही तुमची आहे," ते म्हणाले. ते उद्धट नव्हते.

मी बघितलं तर माझे पाय खड्ड्यात होते. कधी ठेवले ते मला आठवत नाही. माती गार होती, आणि खरं सांगते, बरी वाटत होती. बोटांच्या बेचक्यांतून पांढरी, केसासारखी मुळं निघाली होती. रघुवीर झारी घेऊन आला. त्यानं ती माझ्या पायांवर वाकवली, अगदी मायेनं. त्या मायेनंच माझं डोकं फिरलं. आई गेल्यापासून त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं की तुला हवं काय.

"मला ऊन लागतं," मी म्हणाले. "मला पहिल्यापासून ऊन लागतं."

धाकू मेस्त्रींनी फॉर्म चाळला. असा रकाना नाही म्हणाले.

मी उजवा पाय उपसला. मुळं तुटताना टाके उसवल्यासारखा आवाज झाला. मग डावा. रक्त थोडंच आलं. छत्तीस झाडांच्या पानांतून एक कवडसा खाली पडला होता, ताटलीएवढा. मी त्यात जाऊन उभी राहिले. तळवे भाजले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कवडसा थांबला नाही. दिवस कलत होता, तसा तो पाचोळ्यावरून सरकत फणसाच्या बुंध्याशी गेला. मी त्याच्याबरोबर गेले. तो खोडावर चढू लागला. माझं वय अठ्ठावन्न आहे, मी शेवटची झाडावर चढले तेव्हा परकर नेसत होते. मी बाशिंगाच्या मुळांत बोटं रोवली आणि चढले. खालून रघुवीर सांगत होता की ताई, लोक बघतील. मी पहिल्या फांदीवर पोचले. कवडसा माझ्या मांडीवर होता.

वरून घर दिसलं. ते आता एका खोलीचं होतं. नलिनी दारात उभी होती. धाकू मेस्त्रींनी पट्टी उपटली, रुमालानं पुसली आणि रघुवीरकडे वळले.

"वहिनींना जागा किती लागते?"

रघुवीरनं थोडा विचार केला. "फारशी नाही," तो म्हणाला.

नलिनीनं वर पाहिलं. तिच्या पायात चपला नव्हत्या. ती पळत फणसाशी आली आणि तिनं हात वर केला, पण तो फांदीपासून वीतभर खाली राहिला. कवडसा माझ्या खांद्यावर चढला होता. मी फांदीला पायांनी घट्ट विळखा घातला, आणि दोन्ही हात तिच्याकडे खाली सोडले.