दोन्ही चौकोनांत खूण

त्याला घरात सगळे लंबक म्हणत. नाव ठेवलं होतं दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, आणि ते इतकं चपखल बसलं की लग्नानंतर महिन्याभरात बायकोही तेच म्हणू लागली. आता घड्याळाचा लंबक हलतो तेव्हा निदान वेळ तरी पुढे सरकते. हा नुसताच इकडून तिकडे. भाजी कुठली आणू, शर्ट कुठला घालू, छत्री घेऊ की नको, सगळ्याला दोन बाजू आणि दोन्ही त्याला पटत.

धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरकडून साचा यायचा आणि हा मागच्या छोट्या खोलीत दिव्याखाली बसून दात लावायचा. काम सुबक, त्यात खोट काढायला जागा नाही. पण दाताच्या पांढऱ्या रंगाला सोळा छटा असतात, आणि तिथे गाडी अडायची. त्यावर त्यानं युक्ती काढली होती. ठरेना, तर दोन छटांचे दोन नमुने करायचे, शेजारीशेजारी ठेवायचे आणि सकाळी माणसाच्या तोंडात बघून एक टाकून द्यायचा. टेबलावर ही युक्ती फार कामाला आली. टेबलाबाहेर ती वापरू नये, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दादाचं सगळं उलटं. एकतीस वर्षं घाटातली बस चालवली. वळण यायच्या आधी त्याचं ठरलेलं असायचं. लग्न केलं नाही, तेही एकदाच ठरवून. धाकट्याच्या घरात मागची खोली त्याची. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन कालव्यावर जायचं आणि लंबकानं मागून पिशवी धरून चालायचं, हा दोघांचा शिरस्ता. बसमध्ये डोक्यावर त्यानं जुन्या कॅलेंडरातलं एक चित्र चिकटवलं होतं. निळं मोठं तळं, मध्ये बेटंच बेटं, माणूस एकही नाही. निवृत्त झालो की इथे मासे धरायला जायचं, असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला. निवृत्त झाला, आणि डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. फार उशिरा सापडला होता. कडेचं सगळं गेलेलं, समोरचं ताटलीएवढं उरलेलं. तेही वर्षभर टिकलं तर टिकलं.

"ताटली आहे तोवर जाऊन येऊ," दादा जेवता जेवता म्हणाला, आणि वर आमटी मागितली.

त्या तळ्यावरच्या मुक्कामाचं पत्रक आलं, आणि डोक्याचा भुगा तिथून सुरू झाला. प्रकार दोन होते. पहिला वाटाड्यासह. तो होडी चालवणार, मासा कुठे आहे ते दाखवणार, गळाला आमिषसुद्धा लावून देणार आणि सुखरूप परत आणणार. दुसरा, आपले आपण. होडी, नकाशा आणि एक शिट्टी हातात देणार, की तुम्ही मोकळे.

"दादा, काय करायचं?"

"तू ठरव."

"पण मासे तुझे, हौस तुझी."

"म्हणूनच म्हणतो, तू ठरव."

मग लंबक दादाच्या बोलण्यातून दादाचं मन शोधू लागला. एकदा दादा म्हणाला, "एकतीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावर मी स्टिअरिंग फिरवलं नाही." झालं, लंबकानं ओळखलं. वाटाड्या नको. दुसऱ्या दिवशी दादा दाराच्या चौकटीला खांदा घासून आत आला आणि सहज म्हणाला, "पाण्याचं काही सांगता येत नाही बाबा, मला पोहताही येत नाही." म्हणजे वाटाड्या हवा. मग आंघोळीहून येताना म्हणाला, "परक्या माणसासमोर चाचपडायची मला लाज वाटते." म्हणजे नको. मग गळाचा डबा चाचपत, "हल्ली गाठ बसत नाही रे." म्हणजे हवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वाटाड्या सोबत नेला तर दादाचा शेवटचा मासा परक्यानं धरून दिलेला. नाही नेला आणि दादा होडीतून पडला, तर त्याचं उत्तर कुणी द्यायचं?

त्यानं सगळ्यांना विचारलं. डोळ्यांच्या डॉक्टरला विचारलं, केशकर्तन करणाऱ्याला विचारलं, तीन नंबरचा पांढरा दात लावून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा विचारलं. दोघे निघाल्यावर वाटेतही, शेवटच्या बसथांब्यावरून, जिथून पुढे फोन लागत नव्हता, बायकोला विचारलं.

"अहो, त्यांच्या मनात काय आहे यावर डोकं फोडू नका," ती म्हणाली. "ते तुम्हाला ठरवायला सांगतायत ना? मग ठरवा की!"

"तेच तर करतोय."

"तेच सोडून बाकी सगळं करताय," ती म्हणाली, आणि फोन तुटला.

तिथून लाँचनं पाच तास. लाँचमधून उतरताना दादाची पायरी चुकली. लंबकानं हात पुढे केला, मग त्याला राग येईल म्हणून मागे घेतला, मग परत पुढे केला. तेवढ्यात दादा गुडघ्यावर आपटला होता. उठला, पँट झटकली. लंबकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुक्कामाच्या कचेरीत काउंटरवरच्या बाईनं फॉर्म पुढे सरकवला. दोन चौकोन. एकात खूण करा. दादा बाहेर बाकावर बसून पाण्याच्या दिशेला तोंड करून होता. लंबकानं दहा मिनिटं पेन धरलं आणि मग त्याच्या हातानं जे रोज केलं तेच केलं. दोन्ही चौकोनांत खूण केली. सकाळी बघू, एक खोडू. बाईनं फॉर्म न बघता टोपलीत टाकला आणि खिडकी लावली.

सकाळी धक्क्यावर दोन होड्या तयार. एकीत नकाशा आणि शिट्टी, दुसरीत टोपी घातलेला, दाढीचे खुंट वाढलेला वाटाड्या.

"हे काय?" लंबक म्हणाला.

"फॉर्म तुमचाच ना?" वाटाड्या म्हणाला. "वीस वर्षांत असा पहिलाच. आम्हाला वाटलं माणसं जास्त आहेत."

दादा मागून काठी टेकत येत होता. लंबक वाटाड्याच्या कानाशी लागला, "तुम्ही मागून या. लांबून. भावाला कळता कामा नये. त्याला कडेचं दिसत नाही." आणि दादाला मोठ्यानं म्हणाला, "दादा, आपले आपणच जायचं हं!"

"ठरवलंस?" दादा म्हणाला. त्याचा चेहरा असा काही उजळला की लंबकाला स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावीशी वाटली.

दादा पुढे बसला, लंबक मागे इंजिनापाशी. होडी निघाली. पाणी अगदी त्या चित्रातलं होतं, बेटंही तीच असावीत. पण उन्हाची तिरीप पाण्यावरून अशी उसळत होती की दादानं डोळे मिटूनच घेतले. ताटलीही गेली. तो तोंड वर करून नुसता वास घेत बसला. लंबकाला बोलावंसं वाटत होतं. काय दिसतंय ते सांगावं का? सांगितलं तर त्याला दिसत नाही हे बोलून दाखवल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर इतक्या लांब आणून त्याला अंधारात बसवल्यासारखं. तो दर दोन मिनिटांनी वळून नुसता मागची होडी बघत राहिला. या चोरटेपणाचं त्याला सुख नव्हतं, पण ती होडी होती म्हणून जिवात जीव होता.

अर्ध्या तासानं समोर एक लांबट बेट आलं आणि पाणी दोन बाजूंना फुटलं. नकाशावर एकच वाट होती. लंबकानं नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग इंजिन बंद केलं.

मागचं इंजिनही जरा वेळानं बंद पडलं.

"का थांबलास?" दादानं विचारलं.

"इथे दोन वाटा आहेत. डावीकडून जाऊ की उजवीकडून?"

"मला काय विचारतोस? मागच्याला विचार."

लंबकाच्या हातातला नकाशा तसाच राहिला.

"आपण निघालो तेव्हापासून मागे आहे," दादा म्हणाला. "त्याचं इंजिन मधूनमधून अडखळतंय. प्लग साफ करायला सांग त्याला. अरे, एकतीस वर्षं मी मागच्या गाडीचा आवाज ऐकून वाट दिलीय लोकांना. डोळे गेले माझे, कान आहेत जागेवर."

मग सगळं सांगावंच लागलं. दोन चौकोन, टोपली, कानगोष्ट. दादा ऐकत राहिला आणि एकाएकी हसत सुटला, होडी हलायला लागली इतका.

"आंधळा मागतो एक डोळा, आणि देव देतो दोन! दोन होड्या! तळ्यात एक पाय, मळ्यात एक पाय, आणि लंबक मध्ये!"

"हसू नकोस दादा. मला कळतच नव्हतं तुला काय हवंय. एकदा म्हणायचास हवा, एकदा म्हणायचास नको."

दादाचं हसू थांबलं. "मला वाटाड्या हवा होता की नको, ते मलाच ठाऊक नव्हतं. भीतीही वाटते, लाजही वाटते. तुलाच मनं दोन असतात असं समजतोस की काय? पण ते महत्त्वाचं नव्हतं रे. पुढच्या वर्षी मला संडासापर्यंत तू नेणार आहेस. रस्ता तू ओलांडून देणार आहेस. काल पायरीवर तू हात पुढे, हात मागे करत राहिलास आणि माझा गुडघा फुटला. तू चुकलास तरी चालेल, मी आपटेन आणि उठेन. पण तू ठरवलंच नाहीस तर मी पाय उचलून किती वेळ उभा राहू?"

इतके दिवस लंबक दादाच्या मनात काय आहे ते खणत बसला होता. दादानं त्याच्यापासून काही लपवलंच नव्हतं. तू ठरव, एवढंच तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. त्याला रडू आलं, आणि दादाला दिसत नाही म्हणून त्यानं ते पुसलंही नाही.

त्यानं पुन्हा दोन्ही बाजू पाहिल्या. डावीकडचं पाणी अरुंद आणि सावलीतलं. उजवीकडचं रुंद, पण त्यात गवत दिसत होतं. की ती सावली होती? की डावीकडचं गवत? त्याला खरंच काही कळत नव्हतं. कळेपर्यंत थांबलो तर संध्याकाळ होईल, एवढं मात्र कळलं.

"उजवीकडे," तो म्हणाला, आणि इंजिन सुरू केलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "उजव्या हाताला बेट... नाही, डाव्या हाताला बेट आहे. झाडं पाण्यापर्यंत वाकलीत. समोर एक खडक, त्याच्यावर काळा पक्षी बसलाय, पंख पसरून. खडकाच्या बाजूनं जागा आहे, तुझी बस जाईल एवढी."

"आरसे सांभाळ," दादा म्हणाला, आणि मान वळवून, डोळे मिटलेलेच, खडकाच्या बाजूला बघू लागला.

शंभर हातांवर होडी गवतात रुतली. पंख्याला गवत गुंडाळलं, इंजिन गचकून बंद. वाट डावीकडची होती. वाटाड्या आला, काही न बोलता दोरी बांधली आणि त्यांना ओढून काढलं. दादानं त्याला प्लगचं सांगितलं, तेव्हा मात्र तो चकित झाला.

"मी चुकलो," लंबक म्हणाला.

"चुकलास तर चुकलास. त्या पक्ष्याचं पुढे काय झालं ते सांग. उडाला?"

मासे मिळाले दोन, बोटाएवढे, आणि दादानं ते परत सोडले. गळाला आमिष लंबकानंच लावलं, बोटाला टोचून घेऊन. वाटाड्या लांबवर आपल्या होडीत प्लग काढून पुसत बसला होता.

उन्हं उतरताना धक्क्याला लागले. दादा होडीत उभा राहिला, एक पाय उचलला आणि तसाच थांबला. लंबकाचा हात सवयीनं पुढे झाला, सवयीनं मागे येऊ लागला. दंडाला धरू? हात धरू? राग येईल? तेवढ्या वेळात दादाचा उचललेला पाय थरथरायला लागला होता.

"पायरी एक वीत वर, जरा उजवीकडे," लंबक म्हणाला, आणि त्याचा दंड घट्ट धरला. "टाक."

दादानं खाली न बघता पाय टाकला.