टकळीची वही

बटाटे काढायचे दिवस होते. मी कुदळीनं वाफा उकरत होते आणि माझ्यामागं माझी भाची टकळी बटाटे पाटीत गोळा करत होती.

"अगं, माती झाड की जरा! मातीच न्यायचीय का घरी?"

तिनं माती झाडली. बोलली काही नाही.

तिची आई, म्हणजे माझी वहिनी, जाऊन दोन महिने झाले. आधी या पोरीची टकळी दिवसभर चालायची, म्हणून तर हे नाव पडलं. आता तेरा वर्षांची पोर हूं की चूं करत नाही. रडतही नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरात कुणालाच रडू येत नाही. भाऊ ताट पुढं ठेवलं की जेवतो, उचललं की उठतो. मीही स्वतःला कामाला जुंपून घेते, आत काही हलतच नाही.

त्यात शाळेतल्या बाईंनी नवीनच काढलं. रोज वहीत तीन ओळी लिहायच्या, आज कुणाचे आभार मानावेसे वाटले त्याच्या. मी म्हटलं, घरच्या माणसांचे कुठं आभार मानतात का? परक्यासारखं! पण वर्गातल्या सगळ्या पोरांच्या वह्या भरत आल्या आणि हिची कोरीच.

तेवढ्यात तिच्या मामाचा निरोप आला. पोर तिथं मुकी झालीय, रविवारी येऊन घेऊन जातो. भाऊ नुसता "बरं" म्हणाला. ही गेली तर मी काय भिंतींशी बोलायचं?

मग मीच डोकं चालवलं. वही भरलेली दिसली की मामा म्हणेल, पोर सावरतेय. शनिवारी दुपारी टकळी पाण्याला गेली तशी मी पेन्सिल घेऊन बसले. सातवीपर्यंत शिकलेय मी. पण दुसऱ्याच्या मनात काय आहे ते मला काय ठाऊक? मला माझंच ठाऊक. तेच लिहीत सुटले.

रविवारी मामा आला. पाणीसुद्धा न पिता त्यानं मी पुढं केलेली वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"आत्यानं गुडघे दुखत असताना सगळ्यांचे कपडे धुतले, तिचे आभार. आत्या पहाटे उठून डबा करते, रिकामा डबा परत आणायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही, तरी आत्याचे आभार."

त्यानं पानं उलटली. सगळीकडं मीच.

"ताई, ही वही पोरीची की तुमची?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ खाली मान घालून बसला.

मामा टकळीकडं वळला आणि आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "बाळा, कपडे भर हं पिशवीत. सावकाश भर."

टकळी जागची हलली नाही. मग पुढं झाली, त्याच्या हातातली वही घेतली आणि जमिनीवर बसून लिहायला लागली. लिहून झाल्यावर वही परत त्याच्या हातात दिली.

मामानं मनातल्या मनात वाचलं आणि वही माझ्यापुढं धरली.

"आई गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू बोलतात. आत्या पहिल्यासारखीच ओरडते. तिचे आभार."

"राहू दे तिला इथंच," मामा भावाला म्हणाला.

मला काही सुधरेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळे भरून आले. टकळी माझ्याकडं बघत होती, आणि मी गप्प बसलेय हे बघून तिचा चेहरा उतरायला लागला. ते मला दिसलं.

"अगं, बघत काय बसलीस!" मी ओरडले. "मामाला पाणी कोण देणार? मी?"

"देते की! ओरडतेस कशाला," ती म्हणाली आणि उठली.