सतरा नंबरची हुशारी

डॉ. पंढरीनाथ गुप्ते कॅलिफोर्नियात सहा महिने डॉल्फिनच्या टाकीशेजारी उभे राहून आले आणि त्या सहा महिन्यांवर लखनौच्या आमच्या संस्थेत त्यांनी सहा वर्षं काढली. त्यांच्या खोलीत एक फोटो होता. त्यात डॉल्फिनचं तोंड उघडं होतं आणि सरांचंही. दोघांत शहाणा कोण, हे मी पाहुण्यांवर सोडत असे.

लखनौत समुद्र नाही, गोमती आहे, म्हणून सर कुत्र्यांवर आले. डॉल्फिनच्या मेंदूच्या काचपट्ट्या त्यांनी तिकडून आणल्या होत्या. त्यांच्या शेजारी ठेवायला आता एका हुशार कुत्र्याचा मेंदू हवा होता. त्यासाठी चारबाग स्टेशनाबाहेरून कुत्री पकडून आणायची आणि त्यांची स्मरणशक्ती तपासायची. नापास झालेलं कुत्रं आमचा शिपाई राजाराम परत स्टेशनावर सोडून यायचा. पास होईल त्याचा मेंदू काढायचा. अकलेला इतकं चोख बक्षीस मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

परीक्षा सोपी होती. चार वाट्या घ्यायच्या, चारींना खिमा चोळायचा, म्हणजे वास सारखा. कुत्र्यादेखत एका वाटीत खिमा ठेवून सगळ्या झाकायच्या, दोन मिनिटं त्याला बाहेर न्यायचं आणि मग आत सोडायचं. आपला चेहरा पाहून कुत्र्याला सुगावा लागू नये म्हणून सर लाकडी आडोशामागे खुर्ची टाकून भोकातून बघत. हा आडोसा जवळच्याच चिनहट गावच्या सुतारानं खालून फूटभर आखूड करून ठेवला होता. त्यात सरांच्या घरची शिस्त अशी की प्रयोगाची खोली म्हणजे देवघर, चपला-बूट दाराबाहेर. अमेरिका पाहून आलेला शास्त्रज्ञ तिथं अनवाणी बसायचा.

मी आडोशाबाहेर चटईवर बसून वहीत नोंदी करायची. माझी पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली चालली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी ते पाय तीन वर्षं रोज पाहत होते. सतरा नंबरचा कुत्रा, पिवळट रंगाचा, एक कान फाटका, वाट्यांपुढून सावकाश चालायचा. तो बरोबर वाटीशी आला की सरांच्या उजव्या पायाचा अंगठा टुणकन वर व्हायचा. सतरा तिथंच थांबायचा.

चाळीसपैकी चाळीस वेळा बरोबर! "काय मेमरी आहे, चारुलता! डॉल्फिनच्या तोडीची!" सर ओरडायचे. कुत्र्याला काही आठवत नव्हतं. त्याला आमचे सर पाठ झाले होते, आणि तेवढ्याला फार अक्कल लागत नाही, असं मला वाटे.

हे मी तीन महिने कोणाला सांगितलं नाही. शोधनिबंध लिहून झाला होता आणि त्यावर दुसरं नाव माझं होतं.

जानेवारीत ठरलं. शनिवारी दिल्लीच्या समितीला सतरा दाखवायचा आणि सोमवारी त्याचा मेंदू काढायचा. एव्हाना तो येताजाता माझ्या गुडघ्यावर डोकं घासायचा. माझा जीव त्याच्यात अडकला होता. त्याला नापास करायचं आणि आपण मात्र नामानिराळं राहायचं, असा मी बेत केला. आईनं विणून पाठवलेले लोकरीचे मोजे शनिवारी सकाळी सरांपुढे धरले.

"सर, फरशी फार गार आहे. हे घाला."

"अगं वा! माझी इतकी काळजी कुणी घेत नाही," म्हणत त्यांनी ते लगेच चढवले.

पहिल्या खेपेला सतरानं आडोशाखाली पाहिलं. तिथं दोन करडे गोळे होते. तो चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. समितीचे मोठे साहेब घड्याळ पाहू लागले. मी मनातल्या मनात सतराला चारबागला पोचवलं, पुरीवाल्याच्या ठेल्याखाली बसवलंसुद्धा.

तिसऱ्या खेपेला तो मधेच थांबला आणि त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुढे चालला, बरोबर वाटीशी थांबला आणि शेपटी हलवू लागला. मी खाली पाहिलं. माझी पेन्सिल कागदावरून उचललेली होती.

खिमा कुठल्या वाटीत आहे हे मलाही ठाऊक होतंच की. पुढच्या खेपेला पेन्सिल दाबून धरली, तर श्वास अडकला असेल, मान हलली असेल, कोण जाणे. सतरानं उरलेल्या सगळ्या खेपा बरोबर केल्या.

"भई वाह, कमाल है!" मोठे साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बेटी, तुम तो रोज़ देखती हो. तुम्हें कुछ कहना है?"

एक वाक्य पुरलं असतं. सतरा चारबागला गेला असता, निबंध केरात, आणि त्याच्यामागून माझी तीन वर्षं.

"जी नहीं," मी म्हणाले.

सरांना मी इतके दिवस मूर्ख म्हणत आले. त्यांच्या अंगठ्याला निदान आपण काय करतोय ते माहीत नव्हतं.

सोमवारी राजाराम सतराला घेऊन आला. "बिटिया, ये तो बड़ा समझदार है. इसको काहे मार रहे हैं?"

समझदार आहे म्हणूनच, हे सांगायची मला लाज वाटली. सर आईचेच मोजे घालून उभे होते. टेबलावर ठेवल्यावर सतरानं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.