हिरव्या शाईतलं ‘पूर्ण’

चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जिगसॉचा, म्हणजे तुकडे जोडून चित्र लावायच्या खेळाचा, डबा आला की तो आधी म्युरिएलच्या घरी जायचा. ती ते चित्र जेवणाच्या टेबलावर अख्खं लावून बघायची, एकही तुकडा कमी नाही याची खात्री करायची आणि मगच झाकणावर हिरव्या शाईत ‘पूर्ण’ लिहून खाली सही ठोकायची. सारं गाव त्या सहीवर डोळे झाकून डबा उचलायचं. म्युरिएलला याचा तोरा होता, आणि का नसावा? आभाळाचे निळेच निळे तुकडे लावताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. ही बाई शिव्या घालत का होईना, ते आभाळ पुरं करायची. अडलेला तुकडा टक्कन बसला की स्वारी अशी खूश, की समोरचा चहा गार व्हायचा.

आणि एक दिवस भर दुकानात तिची शेजारीण ऑड्री म्हणाली, "म्युरिएल, तुझ्या ‘पूर्ण’ला भोक आहे गं. मी नेलेल्या बंदराच्या चित्रात एक तुकडा कमी."

म्युरिएलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शक्यच नाही! तुझ्या नवऱ्याचे खिसे बघितलेस?"

ऑड्रीचा नवरा विल्फ पहिल्यापासून लबाड. दोघं चित्र लावायला बसली की हा एक तुकडा गुपचूप लंपास करायचा, आणि ऑड्री शोधून शोधून रडकुंडीला आली की ऐटीत काढून शेवटी स्वतः बसवायचा. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"खिसे बघितले, सोफा उलटा केला. तो शपथेवर नाही म्हणतोय," ऑड्री म्हणाली. "अगं, चुकतं माणसाकडून."

दुकानातल्या बायका कान टवकारून उभ्या होत्या. "माझ्याकडून नाही चुकत!" म्युरिएलने कोट चढवला. "चल तुझ्या घरी. आत्ता."

घरी पोचताच ऑड्री चहा टाकायला आत गेली. विल्फ टेबलापाशी डोळे बारीक करून बसला होता. बंदर, होड्या, दीपगृह, सगळं जागच्या जागी. दीपगृहाच्या वर तेवढं आभाळात भोक.

"काय बाईसाहेब, नाक कापलं ना?" तो हसला.

"काढ तुकडा, चोरा."

"मी घेतला असता तर मला माहीत नसतं का?"

म्युरिएलने त्याच्याकडे निरखून पाहिलं. चष्मा घातला नव्हता. चष्म्याचं घर मात्र कोपरापाशीच होतं. तिने ते उघडलं. चष्म्याखालच्या फडक्यात निळा तुकडा!

"सापडला!" अशी आरोळी तिच्या ओठांवर आली होती. तेवढ्यात तिने विल्फचा चेहरा पाहिला. तो हसत नव्हता. तुकड्याकडे बघत होता.

"हा इथं कुणी ठेवला?" त्याने हळूच विचारलं. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. "म्युरिएल, मीच का गं?"

एवढा डँबीस माणूस, आणि स्वतःची खोडी विसरला!

आतून कपबशांचा आवाज जवळ आला. म्युरिएलने तुकडा त्याच्या मुठीत कोंबला.

"ऑड्री!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "झाकणाच्या घडीत अडकला होता गं तुकडा. मीच नीट बघितलं नाही. सांग जाऊन दुकानात, म्युरिएल चुकली म्हणून. आणि तू रे, बघत काय बसलास? लाव. शेवटचा तुझाच असतो ना?"

विल्फने तुकडा बसवला. टक्क. त्याच्या चेहऱ्यावर जुनी ऐट परत आली. "या वयात चष्मा बदलावा लागतो, बाईसाहेब," तो म्हणाला. म्युरिएलने ते मान्य केलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

निघताना ऑड्री दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते.

"म्युरिएल, झाकण मी तीनदा झटकलं होतं."

"मग चौथ्यांदा झटकायचं होतंस," म्युरिएल म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरून उभी राहिली.